बाळंतिणीची उशी घरीच शिवा

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. सुरुवातीच्या आठवड्यांत एकेक पाजणं वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालतं. हिशेब केला तर बाळंतीण रोज चार-सहा तास मांडीवर बाळ घेऊन बसलेली असते आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो. या वेळात ती कशी बसते, याकडे घरात फारसं कुणाचं लक्ष नसतं. बाळाचं पोट भरलं का, ढेकर आली का, हे सगळे विचारतात. आई पोक काढून बसली आहे, खांदे कानाशी नेऊन बसली आहे, हे दिसत असूनही कुणी बोलत नाही. मग मान आखडते, खांदे भरून येतात, मनगट दुखायला लागतं आणि ‘बाळंतपणात अंग दुखायचंच’ म्हणून विषय संपतो.

यातलं बरंचसं दुखणं टाळता येतं. कमरेभोवती बसणारी, बाळाला छातीच्या उंचीवर तोलून धरणारी घट्ट उशी असली की आईला बाळाकडे वाकावं लागत नाही. दुकानात अशा उशा मिळतात, पण त्यांचं माप ठरलेलं असतं. उंच बाईला ती खुजी पडते, ठेंगण्या बाईला ती गळ्याशी येते. घरी शिवली तर माप आपलं, कापड आपल्या पसंतीचं आणि भरणही हवं तेवढं घट्ट. सरळ टीप मारता येणाऱ्या कुणालाही हे जमण्यासारखं काम आहे. मशीन नसेल तर हातशिलाईनंही होतं.

कधी शिवावी?

सातवा महिना ही चांगली वेळ. डोहाळजेवणाच्या सुमारास उशी तयार झाली, तर शेवटचे दोन-अडीच महिने ती गर्भारपणातच कामाला येते. बाळ येण्याआधी बाळासाठी काही आणू-शिवू नये असं काही घरांत मानतात. तिथंही या उशीला अडचण येत नाही, कारण ती मुळात आईसाठी आहे. शिवायचं काम मात्र गर्भारणीवर टाकू नका. पोट वाढल्यावर मशीनवर फार वेळ वाकून बसणं नको वाटतं. आई, सासूबाई, मावशी, नणंद, मैत्रीण यांच्यापैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं. माप घ्यायला मात्र तिलाच समोर बसवा.

आधी माप

जिथं ती पुढं दूध पाजायला बसणार आहे, तिथंच तिला बसवा. पलंगावर मांडी घालून बसणार असेल तर तसं, खुर्चीत बसणार असेल तर खुर्चीत. पाठ टेकलेली हवी आणि खांदे सैल. कोपर काटकोनात वळवून हात अंगालगत धरायला सांगा. मांडीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. उशीची भरल्यावरची उंची याच्या आसपास हवी. पुष्कळ बायकांना ५ ते ६ इंच पुरतात. याहून जास्त लागली तर उशी आणखी जाड करण्यापेक्षा खाली एक घडी घातलेली चादर ठेवणं सोपं. बाळ वाढलं की चादर काढून टाकता येते.

गर्भारपणातलं पोट पाहून उशीच्या मधल्या जागेचं माप ठरवू नका. बाळंतपणानंतर पोट हळूहळू उतरतं. मोकळी जागा मात्र ऐसपैसच असू द्या. उशीचे दोन्ही हात, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना येणारे भाग, थोडे फाकतात, त्यामुळे खाली दिलेलं माप बहुतेकींना बसतं.

सामान

- आतल्या उशीसाठी ३६ इंच पन्न्याचं मांजरपाट किंवा जाडसर सुती कापड, सव्वा मीटर.
- प्रत्येक खोळीसाठी ४४ इंच पन्न्याचं मऊ सुती कापड, सव्वा मीटर. खोळी किमान दोन हव्यात, तीन असल्या तर उत्तम.
- भरण्यासाठी उशीचं पॉलिस्टर फायबर, पाऊण ते एक किलो.
- मजबूत दोरा, १४ किंवा १६ नंबरची मशीनची सुई, टाचण्या, खडू, टेप, धारदार कातर.
- नमुना काढायला वर्तमानपत्राची दोन जोडपानं, पेन्सिल, जाड दोरा आणि ९ इंच व्यासाची ताटली.

कापड आणल्या आणल्या कापायला घेऊ नका. मांजरपाटाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. रात्रभर पाण्यात भिजवून, साध्या पाण्यातून पिळून, उन्हात वाळवून त्यावर इस्त्री फिरवा आणि मगच खडू हातात घ्या. खोळीच्या कापडाचंही तसंच. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग फडक्यावर उतरला तर ते कापड बाळाच्या गालाखाली नको.

खोळीसाठी नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर चांगलं. दुपटी आणि लंगोट आपल्याकडे नेहमी जुन्या कापडाचेच केले, ते याच कारणानं: खळ गेलेली असते, रंग जायचा तो गेलेला असतो आणि धागा सैलावलेला असतो. विरलेला भाग मात्र बाजूला काढा. जर, टिकल्या, भरतकाम, लेस, बटणं यांपैकी काहीही खोळीवर नको.

भरण कसलं?

इथं घाई करू नये, कारण उशी किती टिकेल आणि किती उपयोगी पडेल हे भरणावर ठरतं.

साधा कापूस घरात असतो, तो अंगाला थंड असतो हे खरं. पण बाळंतिणीच्या उशीवर रोज दूध, तेल, लाळ, शू सांडणार. कापसाची उशी एकदा आतपर्यंत भिजली की गठ्ठे धरते आणि पुन्हा पिंजून घेतल्याशिवाय सारखी होत नाही. कोकणात पावसाळ्यात ती वाळायचीही नाही, कुबट वास धरेल. सावरीचा कापूस त्याहून मऊ, पण वजन पडलं की बसतो, आणि त्याचे तंतू बारीक टाक्यांतूनही बाहेर येऊन हवेत उडतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ते नकोत. फोमचे तुकडे उंचसखल बसतात. थर्माकोलचे मणी सरकतात आणि शिवण उसवली तर थेट बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतात, म्हणून ते अजिबात घेऊ नका. मोहरी, राळे, धान्य हेही नको.

पॉलिस्टर फायबर धुता येतं, लवकर वाळतं आणि दाबून भरलं की आकार धरून ठेवतं. गादी-उशीच्या दुकानात ते किलोवर मिळतं. घेताना मूठभर हातात दाबून सोडून पाहा. लगेच फुललं तर चांगलं. घरातल्या जुन्या उशीतलं फायबर वापरायचं असेल तर ते धुऊन, पूर्ण वाळवून, हातानं मोकळं करून घ्या.

कागदी नमुना

वर्तमानपत्राची पानं चिकटवून किमान १५ इंच रुंद आणि २२ इंच उंच कागद करा. आपण अर्धाच नमुना काढणार आहोत. कागदाची डावी कड ही कापडाच्या घडीवर ठेवायची बाजू.

१. वरची अर्धा इंच जागा सोडा. तिथून डाव्या कडेवर १३½ इंच खाली एक खूण करा. हा मध्यबिंदू.

२. मध्यबिंदूवर दोरा धरून त्याच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा. दोरा १३½ इंच ताणून डाव्या कडेपासून उजवीकडे पाव वर्तुळ काढा. मग दोरा ४½ इंचांवर धरून आतलं पाव वर्तुळ काढा. दोन वर्तुळांमध्ये सगळीकडे ९ इंच अंतर आलं पाहिजे.

३. दोन्ही वर्तुळांच्या उजव्या टोकांपासून सरळ खाली ७ इंचांच्या रेघा ओढा. हा उशीचा हात.

४. हाताच्या टोकाशी ९ इंची ताटली अशी ठेवा की ती दोन्ही रेघांना आणि खालच्या टोकाला टेकेल. तिच्या कडेनं टोक गोल करून घ्या.

५. घडीची बाजू सोडून बाकी सगळीकडे अर्धा इंच माया वाढवा आणि कागद कापा.

हा नमुना उलगडून पाहिला तर २७ इंच रुंद आणि २०½ इंच उंच असा इंग्रजी ‘यू’ अक्षराचा आकार होतो. भरल्यावर कापड गोलाई घेतं, त्यामुळे उशीची रुंदी कमी होते, मधली जागा वाढते आणि उंची साडेपाच इंचांच्या आसपास येते.

खोळीच्या मागच्या भागासाठी दुसरा नमुना लागेल. वेगळ्या कागदावर हाच आकार पूर्ण उलगडून काढा. मध्यावर उभी रेघ मारा. या रेघेच्या उजवीकडे साडेतीन इंचांवर दुसरी उभी रेघ मारा आणि त्या रेघेवर कागद कापा. डावीकडचा मोठा तुकडा ठेवा. खोळीचं तोंड एकमेकांवर चढवण्यासाठी हा जास्तीचा भाग लागतो.

आतली उशी

कापड पन्न्यात दुमडून घ्या, सुलट बाजू आत. नमुन्याची घडीची बाजू कापडाच्या घडीवर ठेवून टाचण्या लावा आणि दोन पूर्ण तुकडे कापा, एक वर, एक खाली.

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर जुळवा. आधी मध्याच्या आणि हातांच्या टोकांच्या खुणा जुळवून टाचण्या लावा, मग उरलेल्या गोलाईवर. पहिल्यांदाच शिवत असाल तर कच्चा धावदोरा घाला, गोलाईवर कापड सरकत नाही. कडेपासून अर्धा इंच आत टीप मारा. टाका बारीक ठेवा, इंचाला दहा-बारा. बाहेरच्या गोलाईच्या मध्यावर सहा-सात इंच जागा मोकळी सोडा. दोन्ही हात तिथून सारख्याच अंतरावर येतात, म्हणून भरायला सोपं पडतं. टीप सुरू करताना आणि संपवताना दोन-तीन टाके मागं घ्या.

एकदा टीप पुरी झाली की तिच्याच शेजारी, मायेच्या बाजूला, दुसरी टीप मारा. दाबून भरलेल्या उशीची शिवण रोज ताणली जाते. एकेरी टीप तिथंच पहिल्यांदा उसवते. हातानं शिवणाऱ्यांनी दुहेरी दोऱ्यानं उलटटीप घालावी. नुसता धावदोरा पुरत नाही.

आता गोलाई. आतल्या वळणावर दर इंचाला मायेत सरळ छोटा कट द्या. बाहेरच्या वळणावर दर दीड-दोन इंचांवर मायेतून छोटी त्रिकोणी चिरफळी काढा. कातर टिपेपर्यंत नेऊ नका, धाग्यापासून थोडी अलीकडे थांबवा. हे केलं नाही तर सुलट केल्यावर आतलं वळण चुणीदार आणि आखडलेलं दिसतं. मग पिशवी सुलट करा.

भरायची रीत

फायबरचे मोठे गोळे कोंबू नका. मुठीएवढा गुच्छ घ्या, बोटांनी पिंजून मोकळा करा आणि मग आत टाका. आधी दोन्ही हातांची टोकं. तिथपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा लाटण्याचं टोक वापरा. टोक भरून घट्ट झालं की वर सरका. एका हातात चार गुच्छ गेले की दुसऱ्यात चार, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या भरतात. मधला भाग शेवटी भरा, आणि तो सगळ्यांत घट्ट, कारण बाळाचं वजन तिथंच येतं.

पुरेसं वाटलं की तोंड टाचण्यांनी बंद करून उशी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी भरण थोडं खाली बसलेलं असतं. पुन्हा भर घाला. मग पंजानं मधोमध जोर देऊन दाबा. इंच-दीड इंच दबून हात काढताच उशी वर आली तर भरण बरोबर. पंजा रुतून तिथं खळगा राहत असेल तर ती अजून पोकळ आहे. झोपायच्या उशीसारखी मऊ उशी इथं दोन कारणांनी चालत नाही: बाळ त्यात रुतून खाली जातं आणि आई पुन्हा वाकते, आणि मऊ खळग्यात बाळाचं तोंड दबण्याची भीती असते.

शिवण बंद करण्याआधी एक परीक्षा जरूर घ्या. जाड कापडाच्या पिशवीत तीन किलो तांदूळ भरून पिशवीचं तोंड बांधा. नवजात बाळाचं वजन साधारण तेवढंच असतं. गर्भारणीला कमरेभोवती उशी लावून बसवा, पिशवी उशीवर आडवी ठेवा आणि बाळ धरावं तसा तिला हात ठेवू द्या. दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग तिच्या खांद्यांकडे पाहा. खांदे सैल असतील, कोपर उशीवर टेकलेलं असेल, पाठ भिंतीपासून सुटली नसेल, तर उंची जमली. खांदे वर चढले असतील तर उशी जास्त उंच झाली आहे, थोडं भरण काढा. ती पुढं झुकली असेल तर भर घाला.

जमलं की तोंडाची माया आत दुमडून दुहेरी दोऱ्यानं बारीक, जवळजवळ टाके घालून शिवून टाका. घाईत शिवलेलं तोंड पहिल्याच धुण्यात उघडतं.

खोळ

पुढच्या भागासाठी पहिला नमुना घडीवर ठेवून एक तुकडा कापा. मागच्या भागासाठी दुहेरी कापडावर दुसरा नमुना ठेवून डावा आणि उजवा असे दोन तुकडे कापा.

मागच्या दोन्ही तुकड्यांच्या सरळ कडा अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा. पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून अंथरा. त्यावर मागचे दोन्ही तुकडे उलट बाजू वर ठेवा. मध्यावर ते एकमेकांवर सुमारे पाच इंच चढतील. टाचण्या लावून सगळीकडून टीप मारा, पण या वेळी माया पाव इंचच घ्या. त्यामुळे खोळ आतल्या उशीपेक्षा थोडी ऐसपैस होते आणि घालता-काढता येते. कडा उसवू नयेत म्हणून झिगझॅग मारा किंवा कोपऱ्यावरच्या पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आणा. वळणावर कट देऊन सुलट करा. उशीचा एक हात एका बाजूनं आत सरकवा, दुसरा वाकवून दुसऱ्या बाजूनं. चढवलेला भाग खाली राहतो, त्यामुळे बाळाच्या अंगाला शिवण लागत नाही.

चेन लावणं हौसेचं काम आहे, गरजेचं नाही. लावायचीच तर बाहेरच्या गोलाईवर खालच्या अंगाला लावा. नाड्या, बंद, लोंबणारे गोंडे मात्र लावू नका. तान्ह्या बाळाजवळ लांब दोरी कशाचीच नको.

गर्भारपणातला वापर

शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपलं की वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. म्हणून २८व्या आठवड्यानंतर कुशीवर झोपायला सांगतात, शक्यतो डाव्या. कुशीवर झोपताना पोट खाली ओढलं जातं आणि वरचा पाय पुढं पडून कंबर पिळते. उशीच्या मधल्या वळणात पोट येईल अशी ती समोर ठेवा, उशीचा वरचा हात छातीशी धरा आणि तिच्या खालच्या हातावर वरचा गुडघा टेकवा. आणखी एक साधी उशी पाठीमागं लावली की झोपेत उताणं व्हायला अडसर होतो.

उंच बाईला गुडघ्यापर्यंत ही उशी पुरत नसेल तर वेगळी लांब उशी शिवा. २४ इंच रुंद, दीड मीटर लांब कापडाची पट्टी लांबीत दुमडून शिवायची आणि दीड किलोच्या आसपास फायबर थोडं सैल भरायचं. बाळ झाल्यावर ती पाठीशी लोडासारखी लावता येते.

बाळ आल्यावर

उशी असली तरी बैठक आईनं आधी जमवायची. पाठ भिंतीला किंवा लोडाला टेकवा. खुर्चीत बसत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. मग उशी कमरेला लागून घ्या, मध्ये फट नको. फट राहिली की बाळ तिथं घसरतं.

बाळाला कुशीवर वळवून आपल्याकडे घ्या, त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं. त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून प्यायला लावलं तर गिळायला त्रास होतो. बाळानं मोठा आ केला की त्याला छातीशी आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, ही नीट पकडल्याची लक्षणं. उशी बाळाचं वजन तोलते. पाठीला, मानेला आणि खांद्यांना आधार मात्र आईच्या हाताचाच हवा.

सिझेरियन झालेल्या बाईला या उशीचा विशेष उपयोग होतो, कारण बाळाचं वजन टाक्यांवर येत नाही. तिनं उशी एका बगलेला सरकवून बाळाला काखेखाली घ्यावं, बाळाचे पाय आईच्या पाठीच्या दिशेला. जुळ्यांनाही याच रीतीनं दोन्ही बगलांना घेता येतं. मात्र त्या वेळी बाळं उचलून द्यायला शेजारी कुणीतरी हवंच.

उशी लावूनही स्तनाग्रं चिरत असतील, स्तन लाल होऊन दुखत असेल, ताप आला असेल किंवा पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल, तर आशाताईंना, परिचारिकेला किंवा डॉक्टरांना लगेच दाखवा. दिवस न भरलेल्या, कमी वजनाच्या बाळाला कसं धरायचं हेही त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

न मोडायचे नियम

ही उशी फक्त आई जागी असताना आणि बाळ तिच्या हातात असताना वापरायची. बाळ पिता पिता झोपलं की त्याला उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवायचं. ‘एवढं छान झोपलंय, राहू दे’ म्हणून त्याला उशीवर ठेवून उठू नका, स्वयंपाकघरात जाऊन येण्यापुरतंसुद्धा. उशीच्या वळणात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कुशीवर वळलं तर तोंड उशीत दबतं. तान्ह्या बाळाला मान फिरवून स्वतःला सोडवता येत नाही.

ही भीती उगाच घातलेली नाही. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादनांच्या सुरक्षा आयोगाकडे २०१० ते २०२२ या काळात अशा उशांशी संबंधित दीडशेहून अधिक बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांतली बरीचशी बाळं उशीवर किंवा तिच्याजवळ झोपवलेली होती. त्यानंतर २०२४ मध्ये तिथं या उशांसाठी सक्तीचे नियम आले: उशी पुरेशी घट्ट हवी, मधली जागा बाळाचं डोकं अडकणार नाही इतकी रुंद हवी आणि बाळाला बांधून ठेवणारे पट्टे नकोत. वरचं माप आणि घट्ट भरणाचा आग्रह याच कारणासाठी आहे.

रात्रीच्या पाजण्यात आईलाच डुलकी लागते. त्या वेळी घरातल्या कुणीतरी, बाळाच्या बाबांनी शक्यतो, जागं राहून बाळ उचलून ठेवायचं काम घ्यावं. बाळाच्या डोक्याखाली वर्षभर कुठलीच उशी नको, डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही नको.

शेक-शेगडीची प्रथा असलेल्या घरांत आणखी एक काळजी घ्या. फायबरवर निखारा पडला तर ते वितळून पेटतं. शेगडी पेटवलेल्या खोलीत ही उशी आणू नका. बाळाला धुरी देणंही टाळा, धूर त्याच्या छातीला सोसत नाही.

धुणं आणि निगा

मालिशचं तेल आणि दूध यांनी खोळ दोन दिवसांत खराब होते. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाणी ओतलं तर तो पक्का बसतो. सौम्य साबणानं धुऊन पुन्हा पुन्हा खळबळा, साबण राहू देऊ नका. पाजताना उशीवर दुपट्याची एक सपाट घडी अंथरली तर खोळ जास्त दिवस जाते. दुपटं बाळाच्या तोंडाजवळ गोळा होणार नाही एवढं पाहा.

आतली उशी महिन्या-दोन महिन्यांनी धुवा आणि कडक उन्हात उलटसुलट करून पूर्ण वाळवा. ओलसर उशीला खोळ चढवू नका. दर आठवड्याला शिवणीवरून बोट फिरवून पाहा. टाका सुटला असेल तर त्याच दिवशी घाला. दर महिन्याला पंजाची परीक्षा पुन्हा घ्या आणि उशी बसली असेल तर भर घाला.

ही उशी प्रत्येकीला हवीच असं नाही. आडवं होऊन पाजणं जमलेल्या किंवा पुरेशी पाठ टेकून बसणाऱ्या कितीतरी बायका तिच्याशिवाय सहज पाजतात, आणि दोन-तीन महिन्यांनी बाळानं मान धरली की बहुतेकींची गरज आपोआप कमी होते. पण पहिले दिवस कठीण असतात. वेदना आणि थकवा असह्य झाला की पुष्कळ जणी वरचं दूध सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि पुढं वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवा असं सांगतात. तेवढा पल्ला गाठायचा तर आईचं अंग धड राहिलं पाहिजे.

आपल्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी असतात, सगळं बाळासाठी. या वेळी घरात कुणी गर्भार असेल तर त्या बाळंतविड्यात आईसाठी ही एक उशी आणि दोन खोळी जरूर घाला, आणि ती कशी वापरायची, कधी वापरायची नाही, हे तिला शेजारी बसून समजावून द्या.